खिंडीतल्या घोरपडी

रोहणा,
१२ फेब्रुवारी २०२५

वेदश्री,

मी फोन उचलत नाही म्हणून तू अंकुशकडे चौकशी केलीस म्हणे. मी धडधाकट आहे. फोन मुद्दाम उचलत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. 'अगं ऐक तर' म्हणत मध्ये घुसतेस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढत बसते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी तुझ्याकडून परतताना आम्ही बहीणभाऊ पुलगावला चहाला थांबलो. मी नेहमीसारखी खेळातल्या माझ्या रणूची शेखी मिरवत होते. खिंडीत घोरपडी कशा चालून आल्या, अंकुशचा तिरंदाज कसा बेशुद्ध पडला, मोहिनीची चेटकीण मेली, आणि माझी रणू एकटी भाला रोवून कशी उभी राहिली. महिना झाला त्या लढाईला, तरी माझं सांगून होत नव्हतं. अंकुश चहात बिस्कीट बुडवता बुडवता सहज म्हणाला, "तुही रणू मरतच नाई ना ताई. वेदश्रीताई तुह्यापुरता मार अर्धा करते. आमाले माहीत हाय ना."

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"पयल्यापासून," तो म्हणाला, आणि पैसे द्यायला पळाला.

वेदश्री, तो खेळ काय आहे ते तुला पुन्हा सांगावंसं वाटतंय, कारण बहुतेक तूच विसरलीस. तुझ्या घरच्या जेवणाच्या टेबलाशी आपण बसतो. तू गोष्ट सांगतेस. अंकुश, मोहिनी आणि मी त्या गोष्टीतली माणसं बनतो. शत्रूही तूच ठेवतेस, पण वार लागला की हुकला, किती लागला, ते फासा ठरवतो. फाशाला कोणाची कीव येत नाही. मी तिथे येत होते ते एवढ्याचसाठी.

कारण बाकी सगळीकडे मला कीवच मिळते. मळणीयंत्रात डाव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हापासून आमच्या घरात माणसं नाहीत, नर्सा राहतात. आई माझ्या हातातला तवा काढून घेते. अंकुश पत्त्यांत हुकूम दाबून ठेवतो आणि हरतो, आणि हरल्यावर नाटकी तोंड करतो. शेजारच्या शकुंतलाबाई माझ्याशी बोलताना आवाज इतका मऊ करतात, की मी काही दिवसांचीच सोबती आहे असं वाटावं. तुझं टेबल तेवढं बाकी होतं, जिथे कोणी मला सूट देत नाही असं मी समजत होते.

आणि आता मुद्द्याचं. अपघाताआधी आमचं ट्रॅक्टर मीच चालवायची, तुला माहीत आहे. त्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही. पण यंदा संक्रांतीला सगळे बसलेले असताना मी बाबांना सांगितलं, की हरभरा निघाला की ते वावर मी नांगरणार. बाबा बरं म्हणाले. हे बोलायची हिंमत मला कुठून आली ठाऊक आहे? तुझ्या त्या खिंडीतून. जिथे दोघं पडली तिथे मी उभी राहिले, या एका गोष्टीच्या बळावर मी तोंड उघडलं होतं.

काल बाबांना सांगितलं, मला जमणार नाही, नांगरायला तानबाकाकांना बोलवा. बाबांनी 'का?' असं विचारलंसुद्धा नाही. त्यांना हायसं वाटलं.

तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस, आणि तीही इतक्या प्रेमाने की डोळे चोळायचंही सुचलं नाही. मी रविवारी येणार नाही. यानंतरच्याही नाही.

वर्षाली

*

पिपरी मेघे,
१७ फेब्रुवारी

वर्षाली,

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचताना रडू आलं, दुसऱ्यांदा वाचताना डोकं फिरलं. म्हणून दुसऱ्या वाचनानंतर लिहितेय.

अंकुशला तोंड सांभाळता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण तू त्याच्या अर्धवट बोलण्यावर एवढी इमारत बांधशील असं वाटलं नव्हतं. लढाई तोलणं म्हणजे काय ते तुला कधी कळलंच नाही, कारण तू फक्त भाला उचलतेस. आठवडाभर शाळेच्या पेपरांचे गठ्ठे तपासून झाले की मी तुमच्या लढाया मांडत बसते. एक घोरपड ठेवली तर तुम्ही तिला दुसऱ्या फेरीत लोळवता आणि अंकुश मोबाइल काढतो. सहा ठेवल्या तर चौथ्या फेरीत तिघांचीही मढी. भीती वाटली पाहिजे पण जीव जायला नको, अशी मधली जागा शोधायची असते, आणि ती कागदावर सापडत नाही. खेळताना सापडते. फासा लहरी असतो. एखाद्या दिवशी तुमचा एक वार लागत नाही आणि माझे सगळे लागतात. म्हणून मी समोर पुठ्ठ्याचा पडदा लावते, त्यामागे फासे टाकते आणि आकड्यांत थोडा हात राखते. जगात हा खेळ चालवणारे पुष्कळ जण असंच करतात.

आणि हात राखते तो सगळ्यांसाठी. अंकुशचे बाण संपले होते तेव्हा वाटेत मेलेल्या शिपायाच्या भात्यात बाण सापडले, ते काय देवाने ठेवले होते? तेव्हा तू एकटी लाडकी आहेस असं समजू नकोस.

वर तू रणूला चिलखत घेऊ देत नाहीस. जड होतं म्हणतेस. उघड्या अंगाने सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहतेस आणि मग मी तिला कशी जगवते त्याचा मलाच जाब विचारतेस!

एकदा मी एकही आकडा न बदलता सरळ खेळले होते. तू यायच्या आधी. पियुषचा तलवारबहाद्दर मेला. पियुष हसला, काही हरकत नाही म्हणाला, आईच्या हातची सांबारवडी खाल्ली आणि गेला. तो पुन्हा आला नाही. ज्या खुर्चीवर तू बसतेस ती त्याची आहे. मला ती दुसऱ्यांदा रिकामी करायची नव्हती.

कीव हा शब्द तू फार सहज लिहिलास. सेवाग्रामच्या दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसून मी तुझी वेणी घालत होते, तीही कीवच होती का? तुझ्या हाताचं ड्रेसिंग बदलताना तू माझ्या दंडाला चावली होतीस. तेव्हा नाही बोललीस कीव म्हणून.

ट्रॅक्टरचं मला माहीत नव्हतं. ते तू मला सांगितलं नव्हतंस. पण तू ट्रॅक्टर चालवावं की नाही हे माझ्या घोरपडींनी ठरवायचं, हे मला पटत नाही.

रविवारी ये. बाबा रोज विचारतात, "तुमची ती भालेवाली रुसली का?" काय सांगू त्यांना?

वेदश्री

*

रोहणा,
२२ फेब्रुवारी

वेदश्रीबाई,

सगळ्यांसाठी हात राखतेस, नाही का? मी परवा बसने नाचणगावला मोहिनीकडे गेले होते. तुझं पत्र नेलं नव्हतं, फक्त विचारलं, खिंडीत नेमकं काय झालं.

मोहिनी आधी उडवाउडवी करत होती. मी उठत नाही म्हटल्यावर बोलली. "पाह्य वर्षाली, वेदश्रीनं मले आन् अंकुशले पयलेच सांगतलं होतं. वर्षालीवर मार अर्धा पडन, तुमी काई बोलू नका. आमी म्हणलं, चालते. पोरगी मोठ्या दुखण्यातून उठली हाय."

"आन् खिंडीत?"

"खिंडीत काय वं. तुह्यावर अर्धा मार पडून राह्यला होता, त म्हणून लढाई ढिली पडून राह्यली होती. मंग तिनं दोन घोरपडी मागं माह्याकडं पाठवल्या. लढाई रंगाले पाह्यजे ना. मले तवाच समजलं होतं."

हे तुझं तोलणं! माझ्या बाजूचं वजन काढलंस ते कुठेतरी टाकावं लागलं, ते मोहिनीच्या डोक्यावर टाकलंस. दोन वर्षं तिने त्या चेटकिणीला वाढवलं होतं. तिच्यासाठी मंत्र रचले होते, तिच्या नवऱ्याचं, सासूचं नाव ठरवलं होतं. ती मेली तेव्हा मोहिनी तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली, आठवतंय? आणि मी काय केलं? मी तिला शहाणपण शिकवलं. म्हटलं, "मागं राह्यली तरी सावध राह्यलं पाह्यजे व. माह्यासारखी उभी राह्यतीस त वाचतीस." आणि ती ऐकून घेत होती! सगळं माहीत असून ऐकून घेत होती, कारण मी मोठ्या दुखण्यातून उठले होते.

ती माझ्या वाटणीचं मरण मेली, वेदश्री. आणि मी तिच्या मढ्यावर उभी राहून भाषण केलं. हे तू माझ्याकडून करवून घेतलंस. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती, बोटं गेली आणि चार लोकांनी उचलून नेलं तेव्हासुद्धा नाही.

वेणीचं बोलू नकोस. वेणी घालताना तू मला सांगून घालत होतीस. मला दिसत होतं, तुझे हात आहेत आणि माझे केस आहेत. दुखलं तेव्हा मी चावू शकले. या लपवलेल्या वेणीला मी कुठे चावणार होते?

पियुष गेला म्हणून तू घाबरलीस. म्हणजे तू रणूला जगवत नव्हतीस, तू खुर्ची जगवत होतीस.

माझं म्हणणं एवढंच आहे. ती लढाई झालीच नाही असं धरायचं. खिंड पुन्हा लढायची. मोहिनीची चेटकीण जिवंत, आम्ही तिघं जिथे होतो तिथे. घोरपडी जेवढ्या तू आधी लिहिल्या होत्यास तेवढ्या, त्यांची ताकद पूर्ण, मार पूर्ण. पडदा नको, फासे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडू देत. मेले तर मेले. जमत नसेल तर तसं कळव, मी पुन्हा लिहिणार नाही.

व.

*

पिपरी मेघे,
२७ फेब्रुवारी

वर्षाली,

हो, केलं. मोहिनीकडे घोरपडी मीच वळवल्या. त्या क्षणी दुसरं सुचलं नाही. तू ओरडत होतीस, हसत होतीस, उठून उभी राहिली होतीस. अपघातानंतर मी तुला तशी पहिल्यांदा बघत होते, आणि ते थांबू नये एवढंच मला कळत होतं. मोहिनीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ना बाप्पा." तुझ्यापेक्षा तिच्याशी भांडणं सोपं आहे, कारण ती भांडतच नाही.

तुझी माफी मी मागणार नाही. तू माझ्याबद्दल जे लिहिलंस ते फार लागलं. खुर्ची जगवत होते म्हणे. असेन जगवत! रविवारी दुपारी तुम्ही तिघं माझ्या घरी येता, त्यावर माझे बाकीचे सहा दिवस निघतात. शाळा, घर, आणि आईने आणलेली स्थळं, यापलीकडे माझ्याकडे दुसरं काय आहे? तुला ते दिसलं नाही, कारण तू स्वतःच्या हातापलीकडे काही बघतच नाहीस आता.

असो. खिंड पुन्हा लढू. ९ मार्चला, दुपारी. आधी पाच घोरपडी लिहिल्या होत्या, पाचच ठेवते. पडदा काढून बाबांना दिला, ते त्यावर मेथी निवडतात.

मी रात्रभर बसून मांडणी पुन्हा तपासली. नीट खेळलात, तिघं एकमेकांना धरून राहिलात, तर ही लढाई निघते. जेमतेम निघते, पण निघते. उघड्या अंगाने पुढे गेलीस तर रणू तिसऱ्या फेरीच्या पुढे जात नाही. हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी कोणाला फसवलं असं व्हायला नको.

अंकुशशी बोल. तो मला रोज मेसेज करतो, "ताई माह्याशी बोलत नाई, काय करू?"

वेदश्री

*

पिपरी मेघे,
१० मार्च

वर्षाली,

समाधान झालं?

तू उठलीस आणि चपला घालून गेलीस. आईने तुझ्यासाठी सांबारवडी तळायला घेतली होती, ती तशीच कढईत. अंकुश बिचारा उरलेली लढाई संपवून हेल्मेट घेऊन तुझ्यामागे धावला. मोहिनी आणि मी एकमेकींकडे बघत बसलो. बाबांनी आत डोकावून विचारलं, "कोण मेलं?" आणि आमची तोंडं बघून परत गेले.

मी तुला सांगितलं होतं. लिहून दिलं होतं! चिलखत घे, अंकुशच्या आसपास राहा. तरी तू पहिल्याच फेरीत भाला घेऊन तोंडावर जाऊन उभी राहिलीस. मोहिनी ओरडत होती, "मागं ये व, मागं ये!" तू ऐकलं नाहीस.

आणि दुसऱ्या फेरीत काय झालं ते मला काल रात्रभर डोळ्यांसमोर दिसत होतं. मोठी घोरपड तुझ्या अंगावर होती. फासे उघडे पडत होते, तिथे मला काही करता येत नव्हतं. पण घोरपडीने कोणावर झेपावं हे फासा ठरवत नाही, ते मी ठरवते. मी म्हटलं, घोरपड मान वळवते आणि तिरंदाजाकडे जाते. खरं सांगते, मी ते ठरवून केलं नाही, माझ्या तोंडून ते गेलं.

तू टेबलावर हात आपटलास. डावा. तो हात तू आजवर टेबलावर ठेवतही नव्हतीस, ओढणीखाली असायचा. सगळे फासे उडाले. "ते माह्यावर येऊन राह्यली होती," तू म्हणालीस. "तिले कायले वळवून राह्यली तू? भुकेलं जनावर तोंडापुढचं सोडून जाते का?"

नाही जात. म्हणून मी तिला परत वळवली. ती तुझ्यावर आली, दोन्ही वार लागले, आणि तिसऱ्या फेरीत रणू पडली. सगळ्यांसमोर, पूर्ण आकड्यांनी. त्यानंतर मोहिनीने आणि अंकुशने ती लढाई जिंकली, हे तुला ठाऊक तरी आहे का? तू तेव्हा खाली जिन्यात बसून होतीस.

तुला हवं होतं ते मी दिलं. आणि तुला ते पेलवलं नाही. पियुष निदान हसून गेला होता. तू तर तेवढंही केलं नाहीस. आता मला सांग, सव्वा वर्ष मी जे केलं ते चुकीचं होतं का?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पियुषच्या खुर्चीची मला सवय आहे.

वेदश्री

*

रोहणा,
१८ मार्च

वेदश्री,

चुकीचंच होतं. आधी ते लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको.

मी निघून गेले कारण मला रडायचं होतं, आणि तिथे रडले असते तर तू मला जवळ घेतलं असतंस. काकूंनी पाणी आणलं असतं. मोहिनी म्हणाली असती, खेळच त हाय. मला रणूसाठी एकटीनेच रडायचं होतं. देवळीपर्यंत गाडीवर मागे बसून मोठ्याने रडले. अंकुशने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, काही विचारलं नाही. त्या पोराला एवढी अक्कल आहे हे मला नव्यानेच कळलं. देवळीला त्याला म्हटलं, "थांब, रस प्याले घालते तुले." बोलणं सुरू झालं आमचं. मेसेज करून तुला छळत होता ना, आता नाही छळणार.

रणू माझ्याच चुकीने मेली. तू सांगितलं होतंस, मोहिनी ओरडत होती, आणि मी पुढे गेले. सव्वा वर्ष पुढे गेले की काही होत नव्हतं, म्हणून मला वाटायचं पुढे जाणं म्हणजेच शौर्य. मागे सरकायचं असतं, कोणाच्या तरी आडोशाला उभं राहायचं असतं, हे मला कधी शिकायलाच मिळालं नाही. तू ते शिकू दिलं नाहीस. अर्ध्या माराचं नुकसान ते हे आहे, आणि त्याचा मला तुझा भयंकर राग आहे.

होळीनंतर तानबाकाका नांगरायला आले. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, काका, आज तुम्ही वावराच्या कडेला धुऱ्यावर बसा, चुकलं की सांगा. बाबा पाठ फिरवून विहिरीकडे गेले. मी वर चढले. उजव्या हाताने नांगर उचलायचा दांडा ओढायचा असतो, तेवढा वेळ स्टिअरिंगचं चाक डाव्या हातात. आणि माझा डावा हात चाक धरत नाही, नुसता त्यावर टेकतो. नांगराच्या ओळीचं पहिलंच तास वाकडं गेलं. दुसरं त्याहून. काका खालून ओरडत होते, "हयू घे वं, हयू!" मी हळू घेतलं. तिसऱ्याच्या आधी थांबले, चाक डाव्या दंडाने दाबून धरून पाहिलं, मग पुन्हा निघाले. चौथ्या तासाच्या टोकाला वळताना नांगर धुऱ्यात घुसला आणि पाण्याचा पाइप फुटला.

बाबा तिकडून धावत आले. "डोये फुटले काय तुहे? येवढा मोठा पाइप दिसत नाई? नवा टाकला होता मी मांगच्या महिन्यात!" असं बरंच काही. चिखलात उभे राहून शिव्या घालत होते. मग अचानक त्यांची नजर माझ्या हातावर गेली आणि आवाज खाली आला.

"बोला ना," मी म्हटलं. "थांबले काऊन?"

त्यांनी पायाने पाइपचा फुटका तुकडा बाजूला सारला. मग म्हणाले, "पाइप तुलेच जोडा लागन. आन् तास सरळ काढ, लोकं हसतीन." आणि निघून गेले.

अर्धं वावर मी केलं. वाईट केलं. उरलेलं अर्धं काकांनी केलं, कारण माझ्या खांद्यात चमक भरली आणि मी सांगितलं, आता तुम्ही घ्या. हे सांगताना मला काही वाटलं नाही.

तुझ्या रविवारबद्दल तू जे लिहिलंस ते मी खरंच पाहिलं नव्हतं. त्याबद्दल मला वाईट वाटतं. स्थळांबद्दलही तू कधी बोलली नाहीस. मी आले की सांग, कोणाकोणाला नकार द्यायचा ते दोघी मिळून ठरवू.

पण रणूचं तुला सांगितल्याशिवाय हे पत्र संपवता येत नाही. इतके दिवस मी जिला रणू म्हणत होते ती तुझी होती, तू वर धरलेली. टेबलावर हात आपटला तेव्हा ती माझी झाली. माझी रणू दोन फेऱ्यासुद्धा पुरती जगली नाही, वेदश्री. मला ती नीट बघायलाही मिळाली नाही. तू पहिल्या दिवसापासून सरळ खेळली असतीस, तर ती कदाचित पहिल्याच महिन्यात मेली असती, किंवा कदाचित शिकली असती आणि आज जिवंत असती. कुठलं ते आता कधीच कळणार नाही. हे मी तुला माफ केलेलं नाही.

रविवारी येतेय.

वर्षाली